शेवंतीचं ठाण

घोडीला ओकता येत नाही, हे मला लग्नाला सहा वर्षं झाल्यावर कळलं. घरात घोडी असूनसुद्धा.

सांगितलं गुरांच्या डॉक्टरांनी. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. बायजाबाईच्या तबेल्यापुढच्या अंगणात आमची शेवंती घामाने निथळत होती. वरातीची घोडी ती, एरवी पांढरीशुभ्र. त्या दिवशी ओल्या सिमेंटसारखी दिसत होती. मान वळवून सारखी आपल्याच पोटाकडे बघायची, मागच्या पायाने पोटावर मारून घ्यायची, आणि दोरी जरा सैल झाली की गुडघे मोडून लोळायला जायची. माझा नवरा दत्तात्रेय मोरकी धरून तिला फिरवत होता, कारण लोळली तर आतडं पिळवटतं. मी पाच वर्षांच्या मैनाला कडेवर घेऊन लांब उभी होते. मैना आता कडेवर घेण्याएवढी लहान नाही, पण मला तिला खाली सोडवेना.

"पोर ओकलं की आई घाबरते," डॉक्टर रबरी नळीला तेल लावत म्हणाले. "खरं तर ओकलं ते बरं. आत गेलेलं बाहेर आलं. घोड्याला ती सोय नाही. आत गेलं ते पुढेच सरकायला पाहिजे. नाही सरकलं तर संपलं."

मग त्यांनी ती नळी शेवंतीच्या नाकातून आत घातली. मी मैनाचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं.

"खाण्यात काय बदल केला होता?"

"काय नाय साहेब," बायजाबाईचा मुलगा कान्हू म्हणाला. "तेच गवत, तोच हरभरा. मी सवताच्या हातानं घातलाय."

"मग गौरीला एकदा आणि आता एकदा, दोन महिन्यांत दोनदा पोट कसं धरलं हिने?" डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघितलं. "तिसऱ्यांदा झालं तर मला बोलावून उपयोग नाही, एवढं सांगून ठेवतो. काहीतरी चुकतंय. शोधा."

दुपारी तीनला शेवंतीने लीद टाकली. दत्ता तिथेच मातीत बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. मला तेव्हा कळलं की तो रडतोय.

घरी आले तेव्हा आबा, माझे सासरे, खिडकीशी खुर्चीत बसले होते. दीड वर्षापूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. त्याआधी तीस वर्षं रोहा ते पेण कुठे वरात निघाली की गोविंदाभाऊंची घोडी पाहिजे, असं होतं. शेवंतीला त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलं. त्यांचा दवाखाना आणि दत्ताची कंपनी दोन्ही जवळ पडावं म्हणून आम्ही गावातलं घर सोडून वरसेला फ्लॅटमध्ये आलो, आणि घोडी दहा मिनिटांवरच्या बायजाबाईच्या म्हशींच्या तबेल्यात ठेवली. तेव्हापासून आबा रोज संध्याकाळी मला एकच प्रश्न विचारतात.

"उभी... हाय?"

"उभी आहे, आबा."

मग ते जेवतात. गौरीच्या वेळी मी सांगायला दोन तास उशीर केला, तर त्यांनी घास तोंडातच धरून ठेवला होता. गिळेनात. त्या दिवसापासून माझ्या मनात बसलंय की शेवंती ज्या दिवशी आडवी होईल, त्या दिवशी हा माणूसही जेवायचा थांबेल. दत्ता म्हणतो, तुझं डोकं नको तिथे धावतं. धावतं खरं. मैना तान्ही असताना मी एक वही केली होती: किती वाजता प्यायली, किती वाजता ओकली, शी कशी झाली. सासूबाई नव्हत्या, आई लांब. बी.एस्सी.ला प्रयोगाच्या नोंदी लिहायची सवय, तीच कामी आली. त्याच वहीच्या मागच्या पानांवर आता मी शेवंतीचं लिहायला लागले होते.

त्या रात्री मैना झोपल्यावर मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडल्या. हवा, पाणी, गवताची गंजी, हरभरा. सगळं सारखंच. वेगळं एकच निघालं: दोन्ही वेळा बायजाबाई घरी नव्हती. गौरीला पेणला लेकीकडे गेलेली. दसऱ्याला कापणीसाठी माहेरी गेलेली. दोन्ही वेळा तबेला एकट्या कान्हूवर, आणि तो धाटावच्या कारखान्यात शिफ्टला.

म्हणजे हेळसांड, असं मी ठरवलं. आणि बाई होती तेव्हाही काय मोठं होतं? म्हशींमध्ये जन्म गेलेली बाई. शेवंती तिथे आली त्याच आठवड्यात तिने तिला ओव्याचा काढा पाजला होता. का, तर "चार दिस झालं, जनावर रवंथ करीत नाय. पोट बसलंय तिचं." घोडा रवंथ करत नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. बायजाबाई आमच्यापेक्षा जास्त हसली होती. आता मला त्या गोष्टीने हसू येत नव्हतं. आणखी काय काय पाजत असेल ही बाई, कुणाला माहीत!

दत्ताला मी सांगितलं, शेवंतीला तिथून हलवायची.

"कुठं नेणार?"

"जित्याला. केरूशेठकडे. सहा घोडी आहेत त्यांच्याकडे, म्हशी नाहीत. घोड्यांतला माणूस आहे तो."

"पन्नास किलोमीटर, सगुणा. आबांना कोण नेणार बघायला? मैना रोज जाते तिच्याकडे."

"जिवंत राहिली तर बघतील ना?"

आबांना विचारलं तर त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं. "तू... बघ. तुला... दिसतं." त्या दोन शब्दांनी माझी झोपच उडाली. मला दिसतं म्हणे. आणि नाही दिसलं तर?

बायजाबाईला सांगायला मीच गेले, मैनाला कडेवर घेऊन. ती म्हशीच्या अंगावर पाणी मारत होती. म्हटलं, तुम्ही नसलात की इथे बघणारं कुणी नाही, दोनदा झालं, आता आम्ही घोडी हलवायचं बघतोय. अजून बरंच बोलले. काढ्याचंही बोलले. तिने हातातला तांब्या खाली ठेवला.

"माझ्या मागं झालं, ते खरं हाय," ती म्हणाली. एवढंच. मग जरा वेळाने, "नेशील तवा सांग गो. तिला म्हशींची सवय लागलीय. नव्या जागी एकटी बावरंल."

तिने एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाही. मला वाटलं, मांडायला काही नसेल.

केरूशेठचा फोन वसुबारसेच्या आदल्या दिवशी आला. एक ठाण रिकामं आहे, पण पेणचे एकजण त्यांची घोडी आणतो म्हणतायत, तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू; उद्या येऊन बघून जा, नाहीतर मी त्यांना हो म्हणतो. दत्ताला संध्याकाळपर्यंत शिफ्ट. मग मी एकटीच निघाले. मैना आणि आबा यांच्याकडे बघायला खालच्या मजल्यावरच्या विमलबाईंना सांगितलं. निघताना मैना म्हणाली, "आई, आज शेवंतीची पानं न्यायची ना?" मी चप्पल घालत होते. "विमलआजी येतील तुझ्याबरोबर. रस्त्याने हात सोडायचा नाही," एवढंच मी म्हणाले. माझं लक्ष गाडीच्या वेळेकडे.

रोह्याहून गाडी निघाली. नागोठणे, कासू, पेण. कापलेल्या भाताच्या शेतांत पेंढा सुकत पडला होता. पेणच्या पुढे हमरापूर, आणि मग जिते. स्टेशनातून चालत दहा मिनिटांवर केरूशेठचा वाडगा.

जागा बघून मी थक्क झाले. विटांची जमीन, उतार काढलेला, पाणी साचायचं नाव नाही. प्रत्येक घोडीचं ठाण वेगळं, मध्ये लाकडी आडवे दांडे. गवत मचाणावर. भिंतीवर पाटी, कुणाला किती हरभरा, किती कोंडा, किती वाजता. माझ्या वहीसारखीच पाटी! मला रडायला येईल की काय असं झालं. इथे आणायची. ठरलं.

केरूशेठ पन्नाशीचे, कमरेला लुंगी, मोबाइल गळ्यात अडकवलेला. "गोविंदाभाऊंची शेवंती म्हणजे काय, आमच्यासारख्यांनी रस्ता सोडायचा," ते म्हणाले. "पण मॅडम, नुसती उभी राहणारी घोडी आता कोण मागत नाय. हळदीला बेंजो वाजला की घोडी नाचली पाहिजे. दोन महिने द्या मला. अशी नाचवतो, की नवरा राहील बाजूला न् पब्लिक घोडीचा व्हिडिओ काढंल."

"नाचायला कशी शिकवता?"

"सवयीनं." ते हसले. "पहिला महिना तुम्ही यायचं नाय. घरचा वास आला की जनावर ऐकत नाय."

तेवढ्यात मागे कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं. खण्णकन आवाज झाला. आणि समोरच्या ठाणातली तांबडी घोडी, तिच्या पाठीवर कुणी नाही, तिला कुणी हात लावलेला नाही, ती एकदम पुढचे पाय आलटून पालटून उचलायला लागली. गुडघे छातीपर्यंत. डोळे पांढरे. मान ताठ. झाकणाचा आवाज विरला तरी ती थांबेना. बाजूच्या खुंटीवर एक लगाम टांगला होता, त्याच्या कडीला आतून दाते होते. मी बघितलं ते केरूशेठनी बघितलं.

"रोज नाय लावत," ते म्हणाले.

मी तांबड्या घोडीकडे बघत राहिले. शेवंतीला वरातीत फटाके वाजले तरी आबा तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि ती उभी राहायची. पण मी मनाला समजावलं, की नाचेल, पण जगेल तर. दाते लागतील, पण पोट तर ठीक राहील. माझ्या मनाने असा हिशेब केला, हे मी लपवत नाही.

"इथे कधी पोटशूळ झालाय कुठल्या घोडीला?" मी विचारलं.

केरूशेठचं हसू गेलं. त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं: बाहेरचा घास घालू नये. सण असो वा नसो.

"ते तीन वर्षांपूर्वी लिहिलं," ते म्हणाले. "माझी चांदणी गेली तवा. दसऱ्याची पूजा. गावातली माणसं आली ताटं घेऊन. घोड्याची पूजा म्हणजे पुण्य. एकानं पुरणपोळी घातली, दुसऱ्यानं भात, तिसऱ्यानं वडे. मी म्हटलं, देवाचं आहे, नाय कसं म्हणायचं. आपण त्याला खाणं धरतच नाय ना, मॅडम. नैवेद्य तो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोडी खलास. पोटात सगळं पीठ फुगून बसलं होतं."

मला पुढचं ऐकू आलं नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये बारा घरं. सणाला गाईचं पान काढायचं, पण वरसेत आमच्या आसपास गाय नाही. बायजाबाईकडे म्हशी, आणि म्हशीला कुणी पान देत नाही. इथे राहायला आल्यावर पहिल्या पाडव्याला मी आमचं पान शेवंतीला पाठवलं. आबा खूश झाले होते. मग विमलबाई म्हणाल्या, आमचंही ने गो. मग वरच्या मजल्यावरचे. हळूहळू बारा घरांची पानं एका बादलीत जमायला लागली आणि ती बादली मैना आणि कुणीतरी मोठं माणूस मिळून नेऊ लागलं. सगळे म्हणायचे, मैनाची घोडी म्हणजे आमची गाय. मला अभिमान वाटायचा.

माझ्या वहीत गवत होतं. हरभरा होता. पाण्याचा रंगसुद्धा होता. बादली नव्हती. गौरीचे वडे, घावन, खीर, दसऱ्याचं पुरण. मी वाढलेलं, माझ्या मुलीच्या हातून गेलेलं. डॉक्टरांनी सरळ विचारलं होतं तेव्हाही मला आठवलं नाही. नैवेद्य तो!

आणि आज वसुबारस. आज तर सगळ्या घरांतून पान निघणार. उडदाचे वडे, भात, गूळ.

मी विमलबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. त्या मोबाइल टीव्हीवर ठेवून खाली अंगणात बसतात, मला माहीत आहे. घरी लावला; आबांना उठून उचलता येत नाही, तेही माहीत आहे, तरी लावला. दत्ताचा बंद. कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो. कान्हूचाही तसाच. बायजाबाईकडे फोन नाही, आणि ती तर आज दिवाळीला पेणला लेकीकडे जाणार, असं कान्हूच म्हणाला होता.

"काय झालं, मॅडम? ठाण ठेवू ना?"

"नंतर सांगते," म्हणून मी पळत सुटले.

दोनची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मी दारातच उभी राहिले. पेणला पाच मिनिटं थांबली. कासूला समोरून मालगाडी जायची म्हणून थांबली, ती किती वेळ ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर वेड लागलं असतं. पुन्हा पुन्हा फोन. वाजतो, बंद होतो. साधारण चारला पानं जमतात. साडेचारला निघतात. मैना बादलीचा एक कान धरते. शेवंती लांबूनच तिला ओळखते आणि नाकाने फुरफुरते. मैना तळहात सपाट करून घास देते, बोटं आत वळवायची नाहीत, हे मीच तिला शिकवलंय. घोडी चावेल म्हणून मी घाबरायचे. घोडीला काय होईल, याची भीती मला शिवलीही नव्हती.

मग एक विचार आला आणि जरा श्वास मिळाला. होळीला बादली गेली होती, नागपंचमीला, नारळी पौर्णिमेलाही. तेव्हा काही झालं नाही. दोनदाच का झालं? कदाचित बादलीने नसेलच होत. कदाचित... आणि मग वहीतलं ते एकच वेगळेपण आठवलं. दोन्ही वेळा बायजाबाई नव्हती. म्हणजे ती असताना काहीतरी वेगळं घडत होतं. काय, ते मला कळेना. पण आज ती नव्हती. मी दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. शेजारी उभ्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाय का गो? बस इथं." मला बसता येईना.

रोह्याला उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. रिक्षावाल्याला म्हटलं, जोरात चला. तो म्हणाला, "पेशंट आहे का कोण?" मी हो म्हटलं.

तबेल्याच्या फाटकाशी बादली आडवी पडली होती. रिकामी. तळाला भाताची शितं चिकटलेली, एक तुळशीचं पान. मी बादली उचलून सरळ ठेवली. आत बघायचं धैर्य होईना. आबांना काय सांगू? मैनाला काय सांगू? तुझ्या हाताने... नाही. हे तिच्या कानावर कधीच पडू द्यायचं नाही. माझ्या हाताने म्हणायचं. पान मी वाढलं होतं.

"आई!" मैना आतून धावत आली. "बायजाआजीने शेवंतीला कुंकू लावलं! गाईसारखं!"

"किती खाल्लं तिने? मैना, किती खाल्लं शेवंतीने?"

"दोन घास. आजी म्हणाली, शेवंतीचं पोट लहान आहे."

मैनाला ती बादली धुवायला नळाकडे पाठवून मी आत गेले. शेवंती तिच्या ठाणात उभी होती, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा, तोंडात गवत. पलीकडे तीन म्हशी बसलेल्या, संथपणे रवंथ करत. एकीच्या नाकाडाला गूळ लागला होता, दुसरीच्या शिंगाला केळीच्या पानाचा तुकडा अडकला होता. आणि त्यांच्यामध्ये बायजाबाई पेंढा पसरत होती. विमलबाई उंबऱ्याशी पदराने वारा घेत बसल्या होत्या.

"तुम्ही पेणला गेला नाहीत?" मी विचारलं.

"भाऊबीजेला जाईन," बायजाबाई म्हणाली. "सनाचा दिस. पोर बादली घेऊन येनार ते ठाव हाय ना मला. दोन येळा गेले, ते लय झालं."

"तुम्हाला माहीत होतं? बादलीचं?"

"तसं नक्की नाय गो. काढ्यापासून मी शिकले, या बयेचं पोट आपल्या गुरांवानी नाय. मग म्हटलं, कशाला एवढं घालायचं. पोरीच्या हातून दोन घास घालायचे, तिचं मन राखायचं. पोर पाठमोरी झाली की बाकी सगळं यांच्या दावनीला." तिने म्हशींकडे मान उडवली. "कान्हूला सांगायचं राहिलं. पुरुषमानूस, त्याला काय सुचतंय. त्यानं बादली बगितली न् आख्खी ओतली आसंल दोनी वेळा."

"मग त्या दिवशी बोलला का नाही? मी तुम्हाला एवढं बोलले, काढ्याचंसुद्धा काढलं—"

"काय बोलू? तुमच्या देवाचं पान म्हशीला घातलं, आसं सांगू? बारा घरांत माझं नाव झालं आसतं." तिने नळाकडे बघून आवाज उतरवला. "आनि तुझी पोर कडेवर होती गो तुझ्या तवा. तिच्यादेखत कसं सांगायचं, का तुझ्या हातच्या घासानं घोडी पडली?"

उंबऱ्यावरून विमलबाई म्हणाल्या, "म्हंजे आमचं पान म्हशीनं खाल्लं इतके दिस?"

"व्हय," बायजाबाई म्हणाली. "न् दूध तुम्हीच प्यालात. कुठं गेलं मग पुन्य? घरातच आलं ना!"

विमलबाईंना हसू फुटलं. मलाही हसू आलं असावं, पण ते तोंडापर्यंत यायच्या आत मी मटकन खाली बसले, शेणा-गवतात, बाहेरगावी जायची साडी नेसून. बायजाबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"पी आधी."

"दोन घासांत काही होणार नाही ना?"

"मला काय ठाव? मी म्हशींतली बाई," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. टोमणा होता, आणि मी तो खाल्ला. मग तीच म्हणाली, "लीद पडंपर्यंत बस. मी बी बसते."

आम्ही बसलो. विमलबाईंना मी आबांकडे पाठवलं. मैना शेवंतीच्या ठाणाबाहेर पेंढ्यावर पाय पसरून म्हशींना एकेक नाव देत होती. मी शेवंतीच्या पोटाला कान लावला. डॉक्टर लावायचे तिथेच. आत गुरगुर चालली होती. ती चांगली की वाईट, मला सांगता येईना. केरूशेठचा फोन आला. मी सांगितलं, ठाण पेणच्यांना द्या. त्यांनी विचारलं, का हो, जागा आवडली नाही? मी म्हटलं, जागा फार छान आहे, आणि तुमच्या फाटकावरची पाटी त्याहून छान, ती मी चोरणार आहे. तांबड्या घोडीबद्दलही काहीतरी बोलायला हवं होतं. ते माझ्याच्याने बोलवलं नाही. तो झाकणाचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

उद्या बारा घरं चढून सांगायचंय, की बादली बंद. त्यांना कारण द्यावं लागेल, आणि कारण देताना मैनाचं नाव येऊ द्यायचं नाही. बायजाबाईच्या म्हशींचंही नाही. विमलबाईंच्या पोटात ते किती दिवस राहील, देव जाणे. मी म्हणेन, माझं चुकलं, मी घोडीला गाय समजले. हसतील. हसू देत. डॉक्टरांनाही फोन करून सांगायचंय, आणि कान्हूलाही, नीट समजावून. दोन घासही नकोत. मैनाला म्हणायचं, आजपासून शेवंतीला फक्त गवताची काडी, तळहात सपाट करून.

दिवेलागणीच्या सुमारास दत्ता शिफ्टवरून थेट तबेल्यावर आला. त्याला गेटवर मोबाइल परत मिळाला तेव्हा त्यावर माझे सतरा फोन होते. मोटारसायकल स्टँडला न लावताच तो आत धावला. शेवंतीने त्याच्याकडे बघितलं, शेपटी वर उचलली आणि लीद टाकली. एक, दोन, तीन ढीग. हिरवट, गोळे सुटे सुटे, जशी पाहिजे तशी.

"अगो बाई, बरी मोकळी झाली!" बायजाबाई म्हणाली.

मैना नाक धरून हसायला लागली. दत्ताला काहीच कळेना. तो एकदा माझ्याकडे, एकदा लिदीकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, घरी चल, आबा जेवायचे थांबले असतील.

घरी आबा खिडकीशीच होते. दिवा अजून लावलेला नव्हता. मी आत गेले आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाले, "उभी आहे, आबा. जागा नाही बदलायची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. साडीला लागलेलं शेणही त्यांना दिसलं असणार.

"बायजा..." ते म्हणाले, आणि डावा हात उचलून कपाळाला लावला. विमलबाईंनी सगळं सांगितलं असणार. मग ताट मागितलं.

मी वही काढली. मागच्या पानावर, गवत आणि हरभरा यांच्या खाली, एक नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं: आमच्याकडून. मग आजची तारीख घातली आणि लिहिलं, दोन घास.